सोडलेलं वांगं

"अठी देवाले निवद दाखवतात का पहिले?" मामांनी विचारलं.

टेबलावर नुकत्याच तीन बशा येऊन बसल्या होत्या. एकीत मूठभर हिरवे ऑलिव्ह, दुसरीत जिरं लावलेल्या गाजराच्या चकत्या, तिसरीत पावाचे तुकडे. बशा इतक्या लहान, की आमच्या घरी त्यात कुणी लोणचंसुद्धा वाढलं नसतं.

"निवद नाही, मामा. इथली पद्धतच अशी आहे. थोडं थोडं आणत राहतात. सगळ्यांनी मिळून एकाच बशीतून खायचं."

"एकाच बशीतून?"

"हो."

"म्हंजे उष्टं."

याला दुसरा शब्द मलाही सुचेना, म्हणून मी मान डोलावली. मामांनी बशा ठेवून गेलेल्या मुलीला हाताने परत बोलावलं. आधी बशीकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं आणि हवेत एक गोल काढला. मुलगी हुशार होती. तिने हसून मामांसाठी वेगळी बशी आणि वेगळा चमचा आणून दिला. मामांनी आधी आपल्या वाट्याची गाजरं काढून घेतली आणि मगच उरलेली माझ्याकडे सरकवली.

"ग्रासियास," ते तिला म्हणाले.

आठवडाभरात मामा स्पॅनिशमधले दोनच शब्द शिकले होते. त्यातला हा पहिला, म्हणजे 'आभारी आहे'. दुसरा थोड्या वेळात येणार होता, आणि तो आला नसता तर फार बरं झालं असतं, असं मला त्या दुपारी वाटलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, तोताराम फेगडे. यावल तालुक्यातले केळीचे बागायतदार. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात नेहरू शर्ट, आणि स्पेनच्या थंडीसाठी वरून माझं जुनं जाकीट. त्यांचं उष्ट्याबद्दलचं सोवळं सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. घरात त्यांचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. माझ्या लग्नात व्याह्यांनी एकमेकांना घास भरवायची टूम निघाली, तेव्हा मामांनी माझ्या वडिलांच्या हातात लाडू ठेवला आणि "तुमचा तुम्ही खा" म्हणून सांगितलं. वडील ही गोष्ट शेवटपर्यंत रंगवून सांगायचे.

मी तेव्हा जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत होतो. दरवर्षी आम्ही बागायतदारांना परदेशातली शेती दाखवायला नेत असू. त्या वर्षी दक्षिण स्पेनमधली हरितगृहं बघायची होती, आणि मामांनी कधी नव्हे ते स्वतःहून नाव दिलं. आठवडाभर त्यांनी प्लॅस्टिकखालचे टोमॅटो पाहिले, इथल्या केळ्यांना नावं ठेवली आणि मामींनी बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या. दशम्या संपल्यावर पाव आणि केळी. ज्या केळ्यांना नावं ठेवली, तीच. शेवटच्या दिवशी ग्रानादा शहर बघायचं होतं. बाकीची मंडळी वाटाड्याबरोबर राजवाडा बघायला गेली आणि मी मामांना म्हणालो, "मामा, एक शंभर टक्के शाकाहारी हॉटेल सापडलंय. राजवाडा काय, फोटोत दिसेल."

मामा लगेच तयार झाले. भुकेपुढे राजवाड्याचं काय चालणार.

खरं कारण वेगळं होतं. त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात माझा मेहुणा हेमराज होता. मामांचा एकुलता एक मुलगा. तो आधी बोटीवर, मग इकडच्या एकदोन शहरांत काम करत करत इथे मुख्य आचारी झाला होता. बापलेक कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. हेमू कुठे आहे हे मामींना माहीत होतं, मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं. मामांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मामींनी मला गोठ्यामागे गाठलं होतं.

"जावई, दोघाले फक्त समोरासमोर बसवा."

"आणि मग?"

"मंग काही नही. तुम्ही तर बोलूच नका. तुम्ही बोलले का बिघडते."

हेमूशी मी फोनवर सगळं ठरवलं होतं. त्यांच्याकडे दिवसाचा खास पदार्थ आचारी स्वतः टेबलावर आणून वाढतो. शेवटची बशी घेऊन तो बाहेर येणार, मामा त्याला बघणार, आणि पुढचं देवाच्या हवाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान होतं. आज हे जमलं नाही, तर मामांच्या वयाकडे बघता ते पुन्हा जमेल असं मला वाटत नव्हतं.

हॉटेल जुन्या मूर वस्तीत, टेकडीच्या उतारावर होतं. मूर म्हणजे आफ्रिकेतून आलेले मुसलमान. त्यांनी इथे काही शतकं राज्य केलं आणि मग त्यांना इथून घालवून दिलं. राज्य गेलं, पण त्यांचे पदार्थ राहिले. आणि या हॉटेलात ते सगळे दूध-तुपाशिवाय करत. भिंतींवर निळ्या फरशा, मधे छोटंसं कारंजं, आणि कोपऱ्यात खडूने पदार्थ लिहिलेला काळा फळा. मी मामांना जमेल तसं समजावत होतो.

"म्हंजे मटन नही."

"नाही."

"अंडं?"

"नाही. दूध, दही, तूपसुद्धा नाही. मधही नाही."

मामांनी ऑलिव्ह तोंडात टाकून बराच वेळ चघळला. "दुधानं काय वाईट केलं यायचं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या गोठ्यात पाच म्हशी होत्या, त्यामुळे ते थोडं त्यांच्या मनाला लागलं होतं.

तेवढ्यात ती मुलगी वही घेऊन आली. तिचं नाव लुसिया. हेमूने तिला सगळं सांगून ठेवलं असावं, कारण ती मामांकडे फार मायेने बघत होती. तिने इंग्रजीत मला विचारलं, की आजोबांना काही वर्ज्य आहे का. मी तोंड उघडायच्या आत मामांनी मला हाताने थांबवलं. हा प्रश्न ते आठवडाभर रोज ऐकत होते, आणि त्याचं उत्तर त्यांनी पाठ केलं होतं.

"नो बेरेन्हेना," मामा म्हणाले.

हा तो दुसरा शब्द. बेरेन्हेना म्हणजे वांगं.

लुसियाचं हसू मावळलं. तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्या काळ्या फळ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. फळ्यावर अगदी खाली, खास पदार्थाच्या जागी, रोमन अक्षरांत ठळक लिहिलं होतं: भरीत.

"नो बेरेन्हेना?" तिने पुन्हा विचारलं.

"नो, नो," मामा ठामपणे म्हणाले. "ग्रासियास."

ती स्वयंपाकघराकडे गेली.

हे वांग्याचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या खानदेशात, त्यातही यावल-बामणोदच्या पट्ट्यात, एखाद्याने वांगं सोडलं म्हणजे त्याने जवळजवळ संन्यासच घेतला. हिवाळा लागला की मळ्यामळ्यांतून भरताच्या पंगती उठतात. मोठाली हिरवी वांगी तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी परातीत भाजलेली मिरची आणि लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्यांची फोडणी. हे काम पुरुषांचं. आणि ठेचणारा माणूस सगळ्यांत शेवटी जेवतो, असा तिथला नेम.

मामांच्या मळ्यात हे काम हेमूचं असायचं. त्याच्या हाताला चव होती, हे मामाच चारचौघांत सांगत. त्या वर्षी मामांनी मोठी पंगत घातली होती, कारण हेमूला बघायला मुलीकडचे लोक आले होते. हेमू तेव्हा पुण्याला शेतकीच्या कॉलेजात आहे असं आम्ही सगळे समजत होतो. मुलीच्या मामाने सहज विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलंय?" हेमूच्या हातात मुसळ होतं. ठेचता ठेचताच त्याने खरं सांगून टाकलं. शेतकीचं कॉलेज सोडून वर्ष झालं होतं, तो स्वयंपाक शिकत होता, आणि त्याला हॉटेलात आचारी व्हायचं होतं.

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. मामा उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, पण सगळ्या मळ्याला ऐकू गेला.

"लोकाइची ताटं वाढायची हाये ना तुले? मंग माह्या घरच्या ताटावर बसू नको. ऊठ."

हेमूने मुसळ खाली ठेवलं, हात धुतले आणि बांधाबांधाने स्टँडकडे चालता झाला. आम्ही पाहुण्यांना सांभाळून घेतलं. पंगत बसली. सगळे जेवले, मीही जेवलो, आणि भरीत वाया जायला नको म्हणून दोनदा घेतलं. लग्नाची बोलणी अर्थातच मोडली. त्या दिवसापासून मामांनी वांगं सोडलं. गाव म्हणालं, तोताराम पोराच्या हातचं विसरायला बघतोय. ज्या हातांनी चारचौघांत नाक कापलं, त्या हातांची आठवण नको म्हणून वांगंच बंद. मामींनीही फोनवर हेमूला हेच सांगितलं असणार, कारण त्यांनाही हेच माहीत होतं. खुद्द मामांना कुणी विचारलं नाही. त्यांना काही विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

आणि आता हेमूने बापासाठी नेमकं भरीत करून ठेवलं होतं, आणि बापाने आठवडाभर घोकलेल्या परदेशी शब्दात ते नको म्हणून कळवलं होतं.

बशा येत राहिल्या. एका वाडग्यात पांढरं, थंडगार काहीतरी आलं.

"ताक?" मामांचे डोळे चमकले.

"नाही. बदाम आणि लसूण वाटून केलंय."

"बदामाचं ताक." मामांनी वेगळ्या चमच्याने चाखलं. "गरिबाचं काम नही हे."

मग पालक आणि हरभऱ्याची भाजी आली. ती मात्र मामांनी मन लावून खाल्ली. संपली तशी पावाने बशी पुसून घेतली. "हे चांगलं केलं," ते म्हणाले. "जिरं बरोबर पडलं. कोन करते अठी?"

"आहे एक जण," मी म्हणालो.

प्रत्येक वेळी स्वयंपाकघराचं दार हललं की मी तिकडे बघत होतो, आणि प्रत्येक वेळी लुसियाच बाहेर येत होती. भरल्या मिरच्या आल्या. खजुराचं काहीतरी आलं. शेवटी संत्र्याच्या चकत्यांवर दालचिनी भुरभुरून आणली. म्हणजे जेवण संपलं होतं.

"आणि आचारी?" मी लुसियाला हळूच विचारलं.

"तो घरी निघालाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. परक्या पोरीला एवढं वाटावं याची मला लाज वाटली.

मी मामांना हात धुवून येतो म्हणून सांगितलं आणि सरळ स्वयंपाकघरात घुसलो. हेमू मागच्या दाराशी बसून बूट घालत होता. दाढी वाढली होती, केस विरळ झाले होते, पण बसायची ढब अगदी मामांसारखी. ओट्यावर एक वाडगं झाकून ठेवलं होतं. सगळ्या खोलीला भाजलेल्या वांग्याचा आणि लसणाचा वास येत होता.

"हेमू, अरे, त्यांना माहीत नाही तू इथे आहेस. ते सवयीने म्हणाले."

"तेच तं म्हणतो, जिजाजी." इतकी वर्षं स्पॅनिश बोलूनही त्याची बोली होती तशीच होती. "सवय झाली त्यायले. माह्या हातचं नको, हे सवयीचं झालं."

"तू बाहेर तर ये. तुला बघितल्यावर—"

"मले पाहून काय करतील? मी आजबी लोकाइची ताटंच वाढतो." त्याने बुटाची नाडी ओढून बांधली. "पहाटपासून वांगी भाजत होतो. अठी तुराट्या कुठच्या? द्राक्षाच्या वेलीच्या काड्या आणल्या, त्याच्यावर भाजली. वाटलं, म्हातारा पहिला घास खाईल. येडाच हाये मी."

"पाच मिनिटं थांब."

"कसाले?"

"मी जावई म्हणून सांगतोय, थांब," मी म्हणालो. जावयाच्या शब्दाला मान असतो असं म्हणतात. मला तो आजवर कधी मिळाला नव्हता, पण हेमू थांबला. निदान दुसरा बूट त्याने हातातच धरला.

मी परत येऊन खुर्चीवर बसलो. मामा संत्र्याची एकेक चकती निवांत खात होते. मामींनी बोलू नका म्हणून बजावलं होतं, पण आता न बोलून बिघडलंच होतं.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही वांगं का सोडलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या गावाले माहीत हाये."

"गावाला काय माहीत आहे ते मला ठाऊक आहे. तुमचं सांगा."

कारंज्याचं पाणी पडत होतं आणि शेजारच्या टेबलावर एक कुटुंब मोठमोठ्याने हसत होतं. मला वाटलं, आता ते उठून चालू लागतील.

"त्या दिवशी पंगत उठली," मामा म्हणाले, "अन् मी हात धुवाले हौदावर गेलो. तठी त्याचं ताट व्हतं. पालथं. सगळ्याइची ताटं त्यानंच मांडली, अन् आपलं बाजूले ठेवलं व्हतं, मांगून जेवाले." त्यांनी बोटाने टेबलावर एक गोल काढला. "जावई, एवढ्या मानसाचं भरीत केलं पोरानं, अन् उपाशी गेला. अन् मी जेवलो. पोट भरून जेवलो."

मीही दोनदा घेतलं होतं.

"रातच्याले तुह्या मामीनं तेच भरीत गरम करून वाढलं. घास तोंडापर्यंत नेला. नही गेला आत. म्हटलं, पोरगं येईल दोन दिवसात. त्यानं खाल्लं का मंग आपून खाऊ. तो आलाच नही."

"म्हणजे रागाने नाही सोडलं?"

"राग व्हता तं. राग दोन दिवसात गेला. वांगं राह्यलं."

"मग कुणाला सांगितलं का नाही? मामींना तरी?"

"काय सांगू? बापानं पोराले भरल्या पंगतीतून उपाशी उठवलं, हे तोंडानं सांगू?" मामांनी चमचा खाली ठेवला. "एक डाव फोन लावला व्हता. त्यानं नही उचलला. मंग मीबी नही लावला."

हेमूने तो फोन का उचलला नाही, हे मला माहीत होतं. त्याने बोटीवर चढताना जुना नंबरच बंद केला होता. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"आज काहून विचारलं?" मामांनी एकदम विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मामा, हेमू आत आहे. इथला स्वयंपाक तोच करतो. आज त्याने तुमच्यासाठी भरीत केलं होतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून तो घरी निघालाय."

मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त टेबलावरच्या रिकाम्या बशा एकेक करून पाहिल्या.

"ते हरभऱ्याचं?"

"त्यानेच केलं."

"अन् बदामाचं ताक?"

"तेही."

मामांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. मग टेबलावरच्या बशा एकात एक रचून बाजूला सरकवल्या आणि कागदी रुमालाने टेबल पुसायला घेतलं. पंगतीआधी जमीन सारवावी तसं त्यांनी ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसलं.

"त्याले म्हना, वांगं आन," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात हेमू दुसरा बूट घालून, खांद्याला पिशवी अडकवून उभा होता.

"वांगं मागतायत," मी म्हणालो.

"कोन?"

"कोण म्हणजे? इथे दुसरा कोण खानदेशातून आलाय?"

त्याने पिशवी खाली टाकली. वाडगं त्याने दोन्ही हातांनी उचललं, म्हणून पावाची टोपली मी घेतली.

बाहेर आल्यावर हेमू टेबलासमोर नुसता उभा राहिला. मामांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हेमू पाया पडायला वाकला, पण हातातलं भरताचं वाडगं कुठे ठेवावं हे त्याला कळेना, आणि तो तसाच अर्धवट वाकून राहिला.

"पाया मंग पड," मामा म्हणाले. "वाढ आधी."

हेमूने चमचा भरला आणि मामांच्या बशीवर नेला. मामांनी बशीवर तळहात आडवा धरला. पंगतीत पोट भरल्यावर, आता वाढू नका म्हणून माणसं धरतात, तसा. हेमूचा चमचा हवेतच थांबला आणि त्याचा चेहरा पडला.

"पहिले तू," मामा म्हणाले.

हेमूला कळलं नाही. "मी खाईन ना, आप्पा. करणारा शेवटी जेवतो."

"मले माहीत हाये. त्या दिवशीबी तू शेवटीच जेवनार व्हता." मामांनी समोरची खुर्ची दाखवली. "बस. माह्यासमोर जेव."

हेमूने वाडगं टेबलावर ठेवलं आणि माझ्या खुर्चीवर बसला. मामांनी स्वतःची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि स्वतःच्या हाताने त्यात भरीत वाढलं. हेमूने पावाचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तोंडात घातला. त्याला तो गिळता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तो तोंडावर हात धरून चावत राहिला.

"हळू खाय," मामा म्हणाले. "घाई काही नही."

त्याने गिळलं.

"गेला?"

"हो, आप्पा."

"आनखी एक खाय."

हेमूने दुसरा घास खाल्ला. मग तिसरा. मामा टेबलावर कोपर टेकून, पुढे वाकून बघत होते. लहान मूल नीट जेवतंय की नाही हे बघावं, तसे. बशी अर्धी झाली, तेव्हा त्यांनी उजव्या हाताने शर्टाची बाही वर सारली, हेमूच्या बशीत हात घातला आणि त्याच्याच पुढ्यातलं भरीत बोटांनी उचलून तोंडात घातलं.

मी उभाच होतो. माझ्या हातात अजून पावाची टोपली होती. मामांनी डोळे मिटून तो घास खाल्ला. जबडा सावकाश हलत होता. खालीपर्यंत घास गेला, तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मिरची कमी पडली," ते म्हणाले.

"अठी तशीच भेटते," हेमू म्हणाला. "घरची पाठवा."

"घेऊन जाय ना येऊन."

लुसिया लांबून हे सगळं बघत होती. मामांचं सोवळं तिला एव्हाना चांगलं कळलं होतं. ती लगबगीने पुढे आली आणि त्यांच्यासमोर कोरी बशी आणि वेगळा चमचा ठेवू लागली.

मामांनी तिच्याकडे न बघताच बशी हाताने बाजूला केली.

"नो. ग्रासियास," ते म्हणाले, आणि हेमूच्या बशीतला दुसरा घास उचलला.